बोहुमिलच्या खाणावळीपुढे बंद पडलेली गाडी

मित्रांनो, माझ्या गाद्यांना नाक लावलेत तर तुम्हाला अजूनही तळलेल्या माशाचा, दालचिनीचा आणि सांडलेल्या कॉफीचा वास येईल. मी एक जुनी, लांब पाठीची स्टेशन वॅगन आहे. माझा रंग पूर्वी पिकलेल्या मक्यासारखा होता. आता तो कोणत्या रंगात मोडतो हे मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. ठोकाठोकी, रंगाची फवारणी, मग भट्टीची ऊब, एवढेच मला आठवते. शेवटी माझ्या दोन्ही कुशींवर लाकडासारखे दिसणारे पट्टे चिकटवले. ते खरे लाकूड नव्हते, पण मला त्यांचा फार अभिमान वाटे. पुढे मला आयोवात आणले आणि तिथे व्हर्लिन त्वेट नावाच्या गृहस्थांनी मला घरी नेले.

व्हर्लिन दूध काढण्याची यंत्रे विकत आणि दुरुस्तही करत. गोठ्यागोठ्यातून फिरणे हेच त्यांचे काम. माझ्या पाठीत रबराच्या नळ्या, पत्र्याचे डबे आणि हत्यारे खडखडत असत. हमरस्त्यावरच्या, सगळीकडे एकसारख्या दिसणाऱ्या हॉटेलांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. एखाद्या गावात शिरले की ते धान्याच्या कोठारापाशी मला उभी करत आणि भेटेल त्याला विचारत, "काल तुम्ही कुठे जेवलात?" चांगले कुठे मिळते, असे ते कधी विचारत नसत. तसे विचारले की लोक पाहुण्यांना दाखवायची जागा सांगतात, असे त्यांचे म्हणणे.

या एका प्रश्नावर आम्ही किती खाणावळी शोधल्या! घोटलेल्या बटाट्याच्या ढिगावर गरम रस्सा ओतणारी एक म्हातारी होती. विस्कॉन्सिनमध्ये ताज्या चीजचे तुकडे मिळत, ते दाताखाली चुईचुई वाजत. शुक्रवारी मासे तळणारे एक मद्यगृह होते. एका ठिकाणी तर मांसाचा तळलेला तुकडा एवढा मोठा असे, की पाव त्याच्यावर टोपीसारखा दिसे. मी अर्थातच कधी आत गेले नाही. मला जे कळले ते खिडकीच्या काचेतून, उघड्या दारातून आणि परत येऊन बसल्यावर व्हर्लिन स्वतःशी जे बोलत त्यातून.

त्यांची बायको अर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत असे. शेकडो मुलांना रोज जेवू घालणारी बाई. नोकरी संपली तेव्हा व्हर्लिन म्हणाले, "आता तू दुसऱ्यांच्या हातचं जेव." मग दर सुगीला ते दोघे मला घेऊन निघत. पहिल्या वर्षी अर्लिसबाई प्रत्येक ताटात खोट काढत. रस्सा पातळ, पाईचे आवरण चिवट, कॉफी म्हणजे नुसते गरम पाणी. पण दोनचार सुग्या गेल्यावर त्या बदलल्या. जेवण आवडले की त्या सरळ आत जाऊन स्वयंपाकिणीचा हात हातात घेत. गाडीत येऊन बसल्या तरी त्यांचा चेहरा उजळलेला असे. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत भरल्या पोटाचा काळ होता.

मग एका हिवाळ्यात व्हर्लिन गेले. घरच्या कोठारासमोरचा बर्फ उपसताना खाली बसले, ते उठलेच नाहीत.

मला कोठारात ढकलून वर ताडपत्री टाकली. माझी चाके बसली. मागच्या गादीत उंदरांनी संसार थाटला. कोठाराला स्वयंपाकघराची खिडकी लागून होती, म्हणून घरातले मला ऐकू येई. शेजाऱ्यांनी झाकलेली गरम भांडी आणून दिली, तशी आमच्याकडे रीतच आहे. अर्लिसबाई ती भांडी घासून, पुसून परत करत. आतले अन्न मात्र बादलीत जाई. हळूहळू त्या घरातून तव्याचा आवाजच येईनासा झाला. डॉक्टरांनी वजनाबद्दल काळजी दाखवली. बाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन कोरडी बिस्किटे खाल्ली.

व्हर्लिनना एक बहीण होती, लॉर्ना. तिने जन्मभर शाळेची बस चालवली होती. नणंद-भावजयीचे कधी फारसे जमले नव्हते. एकीला जीभ फार, दुसरीला मौन फार. लॉर्नाबाईंना अंडेही नीट उकडता येत नसे आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. उन्हाळा संपताना त्या एके दिवशी स्वयंपाकघरात आल्या. टेबलावरचा बिस्किटांचा पुडा त्यांनी पाहिला असावा, कारण पुडा चुरगळल्याचा आवाज आला.

मग त्या म्हणाल्या, "माझा भाऊ गेलाय, अर्लिस. तू नाही गेलीस. पण ज्या वेगानं निघाली आहेस, पोचशील लवकरच."

"मला भूकच लागत नाही, तर मी काय करू?"

"कोट घाल. बाकीचं मी करते."

असा माझा पुनर्जन्म झाला. लॉर्नाबाईंनी उंदरांना घराबाहेर काढले, चाकांत हवा भरली, तेल बदलले आणि मला शिव्या देत देत सुरू केले. बस चालवणाऱ्या बाईच्या शिव्या असतात, मित्रांनो, त्या मी तुम्हाला सांगणार नाही.

आम्ही उत्तरेला मिनेसोटाकडे गेलो, तिथून पश्चिमेला वळलो. लॉर्नाबाई प्रत्येक गावात व्हर्लिनचाच प्रश्न विचारत आणि सांगतील त्या दारासमोर मला उभी करत. अर्लिसबाई आत जाऊन फक्त कॉफी मागवत. ताट समोर आले की ते हळूच नणंदेकडे सरकवत. रानतांदळाचे दाट सूप, बेदाण्यांची आंबटगोड पाई, तिखट राजम्याच्या वाडग्यासोबत दालचिनीचा रोल, सगळे लॉर्नाबाईंनाच संपवावे लागे, कारण ताटात टाकून उठणे त्यांना जमत नसे.

"तुझ्या वाट्याचं खाऊन माझ्या स्कर्टचं हुक तुटलंय," त्या स्टिअरिंगमागे बसताना म्हणाल्या. "आता तरी दया कर."

अर्लिसबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बाहेर कापणी झालेली मक्याची शेते होती, आणि क्षितिजापर्यंत दुसरे काही नव्हते. मला वाटले, आता ही बाई आपल्याला रिकामीच घरी न्यावी लागणार.

नेब्रास्कात शिरल्यावर माझ्या पोटात काहीतरी कुरकुरू लागले. मग बॉनेटखालून वाफ निघाली. एका लहानशा गावाच्या वेशीवर माझा पाण्याचा पंप गेला आणि मी जागच्या जागी थांबले. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा ऑर्व्हल नावाचा तरुण मला टोचन करून गावात घेऊन गेला. त्याच्या शेडमध्ये कापणीयंत्र उघडून ठेवलेले होते, म्हणून त्याने मला शेजारच्या खाणावळीपुढे उभी केली. पंप दुसऱ्या शहरातून मागवावा लागेल, चारसहा दिवस जातील, असे त्याने सांगितले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ती खाणावळ बोहुमिल कुबिचेक नावाच्या विधुर गृहस्थांची होती. त्यांचे आजोबा युरोपातल्या बोहेमियातून शहाजिऱ्याची पुडी सोबत घेऊन आले आणि त्यांनी इथे शेत नांगरले, असे ते सगळ्यांना सांगत. दुपारची वेळ होती आणि खिडक्या उघड्या होत्या. सगळी टेबले भरलेली होती, पण मला एक गोष्ट विचित्र वाटली. एवढी माणसे जेवत होती आणि कोणाच्याही चेहऱ्यावर जेवणाचा आनंद नव्हता. बोहुमिल स्वयंपाकघरात वळले की मिठाची बाटली टेबलाखालून या हातातून त्या हातात जाई. ते परत आले की बाटली जागेवर आणि माना खाली.

बोहुमिलनी स्वतः दोघींसमोर शेवयांच्या सूपचे वाडगे ठेवले आणि ते तिथेच उभे राहिले. पाहुण्यांनी पहिला घास घेईपर्यंत ते हलत नसत. अर्लिसबाईंना वाडगे सरकवायला वावच मिळाला नाही. त्यांनी चमचा भरला, तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"यात मीठ नाही," त्या म्हणाल्या.

सगळ्या खोलीतले चमचे थांबले. लॉर्नाबाईंनी टेबलाखालून लाथ मारली असावी, कारण टेबल हलले.

"माझं मीठ बेताचंच असतं," बोहुमिल हसून म्हणाले.

"बेताचं नाही, नाहीच. आणि शहाजिरं करपलंय."

बोहुमिलचे हसू ओसरले. त्यांनी ऑर्व्हलकडे वळून विचारले, "सूप कसं आहे रे?"

ऑर्व्हलने वाडग्यात पाहिले, मग छताकडे पाहिले. "जरा वेगळं आहे," तो म्हणाला.

मित्रांनो, आमच्या भागात माणसे तोंडावर कोणाला वाईट म्हणत नाहीत. 'वेगळे आहे' म्हणतात. बोहुमिल तिथेच जन्मले, तिथेच म्हातारे झाले. त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. ते जवळच्या खुर्चीवर बसले. मागे आपल्याला मोठा ताप आला होता, तेव्हापासून नाकाला वास नाही आणि जिभेला चव नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर पहिल्यांदा सांगितले. हाताला सवय आहे, हात चुकणार नाही, असे ते धरून चालले होते.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

माना पुन्हा खाली गेल्या.

"मग इतके दिवस माझ्याशी खोटं बोललात?"

"खोटं कुठे बोललो?" ऑर्व्हल हळू आवाजात म्हणाला. "रोज जेवायला आलो ना."

बोहुमिलनी गळ्यातला एप्रन काढला, दारावरची पाटी उलटी फिरवली आणि ते बाहेर आले. कुठे जावे हे त्यांना सुचत नसावे. माझे मागचे दार फळीसारखे खाली पाडलेले होते. ते त्याच्यावर येऊन बसले. त्यांचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते.

आत ऑर्व्हल लॉर्नाबाईंना काहीतरी समजावत होता. शनिवारी चर्चच्या सभागृहात सुगीचे गावजेवण होते. बोहुमिलच्या बापाच्या वेळेपासून ते याच घराकडे होते. यंदा गावकऱ्यांनी चोरून शहरातून जेवण मागवायचे ठरवले होते आणि बोहुमिलना हे कोणी सांगावे, यावर त्यांचे आठवडाभर अडले होते.

थोड्या वेळाने अर्लिसबाई बाहेर आल्या आणि माझ्या दारावर बोहुमिलच्या बाजूला बसल्या. माझ्या स्प्रिंगा जेमतेम दबल्या, इतक्या त्या हलक्या झाल्या होत्या.

"मी परकी आहे, म्हणून मला बोलता आलं," त्या म्हणाल्या. "राग आला असेल तर येऊ दे."

"गाव आता शहरातून जेवण आणणार. आत ऑर्व्हल कुजबुजत होता. त्याची कुजबुज शेतापर्यंत जाते."

 मग अर्लिसबाईंनी व्हर्लिनबद्दल सांगितले. बर्फाबद्दल, घासून परत केलेल्या भांड्यांबद्दल, बिस्किटांबद्दल. त्यांनी इतके सलग बोललेले मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

"मला चव कळते, पण भूक नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला भूक आहे, चव नाही. दोघांचं मिळून एक जेवण होतंय का बघू या."

"शनिवारी अख्खं गाव जेवायचंय."

"ही गाडी तोवर कुठे हलतेय?"

माझ्या फुटक्या पंपाबद्दल कोणी इतक्या मायेने बोलेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून खाणावळीच्या मागच्या खिडकीतून वास येऊ लागले. कांदा, लोणी, भाजलेले मांस, आंबवलेला कोबी, दुधात शिजणारी खसखस. बोहुमिलचे हात काम करत आणि अर्लिसबाईंची जीभ. प्रत्येक गोष्ट त्यांनाच चाखावी लागे. पिठाचे गोळे उकडून झाले की चाख, रस्सा उतरला की चाख, कोलाचे नावाच्या गोड पावांतले सारण झाले की चाख. कधी भांडणही होई. बोहुमिल म्हणत, माझ्या आईचा कोबी याहून आंबट होता. त्या म्हणत, तुमच्या आईच्या कोबीची तुम्हाला आठवण आहे, चव नाही, तेव्हा गप्प बसा आणि थोडी साखर घाला.

ऑर्व्हलने लॉर्नाबाईंना हळूच सांगितले की पंप सकाळीच आला आहे, संध्याकाळपर्यंत गाडी तयार होईल.

"आला नाही म्हणून सांग," त्या म्हणाल्या.

"मी खोटं बोलू?"

"खोटं कशाला? वेगळं बोल."

त्या दुपारी लॉर्नाबाई अंगणात फेऱ्या मारत होत्या. मागच्या खिडकीपाशी येऊन त्या थबकल्या. आत अर्लिसबाई उभ्या उभ्याच, पातेल्यातून काढलेला एक अख्खा गोळा रश्श्यात बुडवून खात होत्या. चाखत नव्हत्या. खात होत्या. संपल्यावर त्यांनी ताटलीतला रस्सा पावाने पुसून घेतला आणि दुसरा गोळा घेतला.

लॉर्नाबाई माझ्याकडे आल्या आणि दार लावून स्टिअरिंगमागे बसल्या. तेलाचा काटा पाहत असल्यासारखे त्यांनी तोंड खाली घातले. इंजिन बंद असताना काटा काय दाखवणार? त्यांचे खांदे हलत होते. भावाच्या अंत्यविधीला त्या रडल्या नव्हत्या, हे मी अर्लिसबाईंच्या तोंडून ऐकले होते. त्या माझ्यात बसून पुरेसे रडल्या, रुमालाने नाक पुसले, मला एक शिवी दिली आणि बाहेर गेल्या.

शनिवारी मोठमोठी पातेली माझ्याच पाठीवरून सभागृहात गेली. पंप तोवर 'आला' होता. दूरदूरच्या शेतांवरून माणसे आली. ऑर्व्हलने मला उघड्या दारासमोर लावले, म्हणून मला आतले दिसत होते. पहिली पंगत बसली आणि ताटे भराभर रिकामी होऊ लागली. मग टोपी घातलेला एक म्हातारा उठला आणि ताट घेऊन पुन्हा रांगेत आला. त्याच्यामागे दुसरा, मग बायका. जाताना प्रत्येकजण बोहुमिलजवळ थांबून म्हणत होता, "वाईट नव्हतं." आमच्याकडे याहून मोठी स्तुती कोणी करत नाही.

सगळे पांगल्यावर बोहुमिल आणि अर्लिसबाई आपापली ताटे घेऊन बाहेर आले आणि माझ्या पाडलेल्या दारावर बसले. बोहुमिलनी घास घेतला आणि नुसतेच चावत राहिले.

"मला सांगाल का, कसं झालंय?" त्यांनी विचारले.

अर्लिसबाई घास गिळून बोलू लागल्या. "मांस बोटानं तुटतंय. कडा किंचित गोड लागतात, आत मिठाचा नेमका ओलावा आहे. कोबी आंबट आहे, पण अंगावर येत नाही. शहाजिरं मागून येतं, घास संपता संपता. गोळा नुसता मऊ नाही, रस्सा पिऊन जड झालाय. तुमच्या आईचा असाच होता का, मला माहीत नाही. पण हे करणाऱ्यानं कोणासाठी तरी केलंय, हे कळतं."

बोहुमिलनी डोळे मिटले होते. त्या थांबल्या तसे ते म्हणाले, "बोलत राहा. मी खातोय."

त्या बोलत राहिल्या, आणि बोलता बोलता त्यांचे स्वतःचे ताट कधी रिकामे झाले ते त्यांना कळलेही नाही.

मित्रांनो, त्यानंतर मी दोघींना सुखरूप घरी नेले. अर्लिसबाईंच्या स्वयंपाकघरात पुन्हा तवा वाजू लागला. बोहुमिलनी खाणावळ बंद केली नाही. आता ते पहिला वाडगा चाखायला जो येईल त्याच्यापुढे ठेवत आणि 'वेगळं' म्हणायला त्यांच्याकडे सक्त मनाई होती. दर सुगीला आम्ही तिकडे जात राहिलो, जाता-येता नव्या खाणावळी शोधत, आणि दोघी माझ्यात बसून कोणाची पाई चांगली यावर तंडत.

पुढे लॉर्नाबाईंची नजर अधू झाली. मला भंगारात द्यावे असे अर्लिसबाईंच्या मुलाने सुचवले. तो दूर ॲरिझोनात असतो, त्याचा दोष नाही. पण ऑर्व्हल ट्रॉली घेऊन आयोवापर्यंत आला आणि मला घेऊन गेला. त्याच्या शेडमध्ये मला कोरडी जागा आहे. तो अधूनमधून इंजिन सुरू करतो, पाणी पाहतो, तेल पाहतो. वर्षातून एकदा गावजेवणाची पातेली वाहणे एवढेच आता माझे काम. बोहुमिल आता उंच स्टुलावर बसून कामे सांगतात. दोघी म्हाताऱ्या बसने येतात, आणि बसचालक कसा चुकीचा वळतो हे लॉर्नाबाई गावभर सांगतात.

माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी एखादी जुनी गाडी, जुनी सायकल, जुने यंत्र असेल तर त्याला ताडपत्रीखाली विसरू नका. त्याच्या तेलपाण्याकडे लक्ष द्या. आणि तुमच्या ओळखीतले कोणी ताट सरकवून ठेवत असेल, तर 'जेवलात का' एवढे विचारून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. पहिला घास त्याच्यासोबत घ्या.

आज शनिवार आहे. माझ्या पाठीत पाच पातेली आहेत, झाकणे दोरीने बांधलेली. काचांवर वाफ धरली आहे. अर्लिसबाई पुढे बसल्या आहेत, मांडीवर कोलाच्यांचे ताट घेऊन, आणि कोणी पाहत नाही असे समजून त्यांनी त्यातला एक उचलला आहे.